चार फरश्या

रोहिणी आवटीच्या पत्राला भूपाल चौगुले सरांनी आठ वर्षं उत्तर दिलं नव्हतं.

पत्र एका पानाचंच होतं. शाळेच्या आखीव वहीतलं पान, गोल गोल अक्षर आणि कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं. 'कंपनीच्या फोनवरून लिहिलं तर ते लोक वाचतात, म्हणून टपालाने पाठवते आहे,' अशी सुरुवात. पुढे लिहिलं होतं, 'फरशीत बिघाड आहे असं तुम्ही लिहून दिलंत. त्यामुळे माझं काय भलं झालं ते कागदावर लिहीत नाही, तुम्ही जाणताच. मुलगी झाली. येत्या रविवारी बारसं आहे, बाईंना घेऊन यावं. सर, एकच विचारते. तुम्हाला कळलं होतं ना?'

सगळं अडलं होतं ते त्या शेवटच्या वाक्यापाशी. काय कळलं होतं? सरांना काहीच कळलं नव्हतं. आपलं कुणी कशाबद्दल तरी आभार मानतंय आणि कशाबद्दल ते आपल्याला ठाऊक नाही, हे त्या बाईला कोणत्या तोंडाने विचारायचं? त्यांनी सहा-सात मसुदे केले. एकात फारच गोडवा आला, दुसरा सरकारी झाला. तेवढ्यात बारशाचा रविवार होऊन गेला.

"अहो, त्या पोरीला दोन ओळी तरी टाका की," पद्माबाई म्हणायच्या.

"टाकतो."

"कधी? तिच्या लेकीच्या लग्नात?"

सर हसत आणि पुस्तकात डोकं घालत. पत्र टेबलाच्या खणात होतं. आता टपाल आठवड्यातून दोनदाच यायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्या दोन दिवशी सरांना तो खण उघडावासा वाटत नसे.

फरशी सरांचीच होती. सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी बत्तीस वर्षं मोजमापाची यंत्रं शिकवली. त्यांची आई रस्त्याने चालताना सतत खाली बघायची. पायाखाली मुंगी यायला नको. तिच्यासोबत चालता चालता लहानपणी त्यांनाही माणसांच्या तोंडाआधी पाय बघायची सवय लागली. लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा त्यांना संकोचच वाटे, त्यामुळे ती सवय सुटली नाही. पाठमोरा माणूसही ते चालीवरून ओळखत. पुढे त्यातूनच त्यांनी ती फरशी केली.

तिची करामत साधी होती. प्रत्येक फरशीखाली कागदाइतका पातळ पडदा. त्यावर दाब पडला की क्षीणशी वीज निर्माण होते. टाच कधी टेकली, वजन चवड्यावर कधी सरकलं, दोन पावलांत अंतर किती, हे सगळं त्या विजेच्या चढउतारात उमटतं. कुणाही दोन माणसांची चाल सारखी नसते. चार पावलं टाकली की फरशी माणूस ओळखत असे.

सरांनी ती केली होती मिरजेतल्या रुग्णालयांसाठी. म्हातारा पेशंट पडण्याच्या आधी दोनतीन दिवस त्याची चाल बदललेली असते. ती ओळखून वेळेवर हात द्यावा, एवढाच हेतू. मग एका डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, गरोदर बायकाही घसरतात, त्यांचंही बघा. सरांनी बघितलं आणि चकित झाले. दिवस राहिले की काही आठवड्यांतच शरीर एक द्रव्य सोडतं, त्याने कमरेची हाडं बांधून ठेवणारे बंध किंचित सैल होतात. पावलं चार-पाच मिलिमीटर फाकतात, टाच नेहमीपेक्षा क्षणाच्या अंशाने जास्त वेळ टेकते. एकेका पावलात हे दिसत नाही, पण चारशे पावलांची सरासरी काढली की दिसतं. त्या बाईला स्वतःलाही अजून शंका आलेली नसते, तेव्हा फरशीला कळलेलं असतं. सरांनी त्या मोजमापाला 'भारबदल' असं नाव दिलं.

मग कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सलाइनच्या कंपनीने ती फरशी घेतली. तिथे पॅकिंगच्या विभागात सगळ्याजणी टोपी, मास्क, पांढरा झगा आणि हातमोजे घालून. चेहरा दिसत नाही, बोटाचा ठसा घेता येत नाही. हजेरी घ्यायची कशी? तर चालीवरून. सरांना हे ऐकून बरं वाटलं होतं. बायकांना रांगेत उभं राहावं लागणार नाही, असं त्यांना वाटलं.

नऊ वर्षांपूर्वी भाद्रपदात कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. "सर, तुमच्या फरशीने अख्ख्या पाळीचं डोहाळजेवण लावलंय! सदतीस बायका, सदतीसजणींना भारबदल. त्यातली एक पन्नाशी उलटलेली आहे!"

सर कानापर्यंत लाल झाले. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी दोन दिवसांचे आलेख चाळले, फरशीवर फिनेलचं पाणी बघितलं आणि लिहून दिलं : दमटपणामुळे बिघाड, भारबदल हे मापन विश्वासार्ह नाही. कंपनीने ते मोजमाप बंद केलं. कुठेही काही चुकलं की सर आधी स्वतःवर संशय घेत. आपणच केलेलं यंत्र बरोबर असेल आणि समोरचं जगच आठवडाभर वेगळं चाललं असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्या गोष्टीने पुन्हा दार वाजवलं. दारात समीना मुजावर उभी होती. सरांची शेवटच्या तुकडीतली विद्यार्थिनी, आता त्याच कंपनीत यंत्रणा विभागाची प्रमुख.

"सर, जिलेबी आणली आहे, म्हणजे काम आहे हे तुम्ही ओळखलंच असेल," ती चपला काढता काढता म्हणाली.

काम असं होतं. कंपनी जुन्या फरशीला नवा मेंदू बसवत होती. तो जुन्या सगळ्या नोंदींवरून शिकत होता. शिकताना एका ठिकाणी अडला होता.

"ते सात दिवस, सर. भाद्रपदातले. तो विचारतोय, हा यंत्राचा बिघाड की माणसांचं वागणं? बिघाड म्हटलं तर ते दिवस गाळून टाकेल. वागणं म्हटलं तर त्यावरून शिकेल. तुमचा जुना अहवाल आहे, म्हणून तुमची सही लागते."

"शिकेल म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा कुणी मुद्दाम चाल बदलली तर ओळखेल. पण तसं कोण कशाला करेल?" समीना हसली. "एक तारखेला सुरू करायचं आहे. भारबदलही परत चालू होणार. बायकांना हलकं काम देता येईल, असं साहेब म्हणतात."

ती गेल्यावर सरांनी ते सात दिवस उघडले. दुपारभर बघत बसले. या खेपेला कुणी शेजारी उभं राहून हसत नव्हतं, म्हणून असेल, पण नीट दिसलं.

बायकांची वजनं बेचाळीसपासून अठ्ठ्याहत्तर किलोपर्यंत होती. उंच, ठेंगण्या, तरुण, पिकलेल्या. आणि पाऊल मात्र सदतीसजणींचं एकच. तेवढंच लांब, तेवढंच फाकलेलं. दमटपणाने आकडे विस्कटतात, ते असे एका ओळीत येऊन उभे राहत नाहीत. हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. आणखी एक गंमत होती. प्रत्येक पावलानंतर दोन्ही पाय जुळवून क्षणभर थांबणं. अशी चाल त्यांनी कुठेच मोजली नव्हती.

ते उठले आणि दिवाणखान्यातच तसं चालून बघू लागले. पाऊल, जुळवणी, थांबा. पाऊल, जुळवणी, थांबा.

पद्माबाई ओट्यापासून वळल्या. "हे काय? शेजारच्या जोशीकाकूंसारखी गौर आणताय की काय घरात?"

सर थांबले ते थांबलेच.

"काय म्हणालीस?"

"गौर हो. रांगोळीच्या पावलांवरनं एकेक पाऊल टाकत आणतात ना, थांबत थांबत. तुम्ही अगदी तसेच दिसताय. फक्त साडी नाही."

सर परत टेबलाशी गेले. सात दिवसांच्या आधीच्या आठवड्यात ते पाऊल फक्त एका क्रमांकाचं होतं. ११४. नावं त्या नोंदीत नव्हती. तरी सरांनी खण उघडला आणि गोल गोल अक्षरातलं ते पान वर काढून ठेवलं.

फरशी तपासायच्या निमित्ताने ते समीनाबरोबर कंपनीत गेले. समीना साहेबांना भेटायला गेली, तेव्हा दुपारच्या सुट्टीत कँटीनच्या पायऱ्यांवर दोघीजणी त्यांच्याजवळ आल्या. एक तिशी ओलांडलेली, कपाळावर टोपीचा वळ उमटलेली. ती आता पाळीची प्रमुख झाली होती. दुसरी चांगली साठीला टेकलेली.

"सर, ओळखलंत का? मी रोहिणी. ही मालनमावशी. तुम्ही बसा की, उभे का?" रोहिणीने आधी खाली बघितलं. "इथली फरशी साधीच आहे ना, सर?"

"साधी. अगदी साधी."

"मग बोलता येईल. सर, माझं पत्र मिळालं होतं का हो?"

सर पायरीकडे बघत म्हणाले, "पत्र? नाही... आमचा पत्ता बदलला होता मध्यंतरी." चाळीस वर्षांत त्यांचा पत्ता बदलला नव्हता.

"बग! मी म्हनलं नव्हतं?" मालनमावशी रोहिणीच्या दंडाला चापट मारत म्हणाली. "गावलं असतं तर असा मानूस बारशाला आल्याबिगर ऱ्हायला असता व्हय?"

सरांना पायरीखाली शिरावंसं वाटलं.

मग त्या दोघींनी सगळं सांगितलं, त्यांना ते ठाऊकच आहे अशा थाटात, जुनी आठवण काढावी तसं. फरशीला भारबदल दिसला की त्या बाईचं कंत्राट पुढे चालू होत नसे. कारण कुणी सांगत नसे. चार महिन्यांत तिघी घरी बसल्या आणि तिघींनाही घरी बसल्यावरच कळलं की दिवस गेलेत. चौथी रोहिणी. तिला मात्र आधी शंका आली.

"पयली ह्या मावशीनं वळखलं, तुमच्या फरशीनं न्हाई," मालनमावशी म्हणाली. "मग हिच्या अंगणात हिला चालाय लावलं. मागनं खडूनं खुणा केल्या. त्याच मापाची पावलं रांगोळीनं काढली, आन पाच सांजा सगळ्यांनी त्याच्यावरनं चालून शिकून घेतलं. आमची शेवंता चुकायची. म्हनायची, मावशे, गौर आणल्यावानी सारकं थांबायला हुतंय. मी म्हनलं, थांब बाई, सगळ्याच थांबूया."

"फार घाबरलो होतो, सर," रोहिणी म्हणाली. "वाटलं, मोठे इंजिनिअर आलेत, आता धरणार. तुम्ही आलात. कागद बघितलेत. आमच्याकडे एकदाही मान वर करून बघितलं नाहीत, आणि लिहून दिलंत, बिघाड. तेव्हाच मी म्हटलं, ह्यांना सगळं कळलंय, म्हणूनच वर बघत नाहीत."

सर तेव्हाही वर बघत नव्हते.

रोहिणी एक पायरी जवळ सरकली. आवाज खाली आला. "आमच्यात आत्ता एक पोरगी आहे. दुसरा महिना. आधी दोनदा राहून गेलेलं आहे तिचं. आईलासुद्धा बोललेली नाही. तीन महिने भरेपर्यंत ती कुणापाशी तोंड उघडणार नाही. आणि एक तारखेला फरशीला कळणार. नवी फरशी फसत नाही म्हणतात." तिने पुन्हा खाली बघितलं. "या खेपेलाही बिघडेल ना, सर?"

सरांना काहीतरी ठाम बोलायचं होतं. ते म्हणाले, "बघतो." आणि समीना येताना दिसली म्हणून उठून चालू लागले.

तीन दिवस ते जेवले पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. बिघाड असं पुन्हा लिहून द्यायचं? पहिल्यांदा ती चूक होती. आता ते खोटं झालं असतं, आणि मोजमापात खोटं बोलायचं नाही, एवढी एकच गोष्ट आपण आयुष्यात नीट केली असं त्यांना वाटत आलं होतं. वागणं असं लिहायचं? म्हणजे अंगणातली ती पावलं स्वतःच्या हाताने यंत्राला नेऊन द्यायची. आणि बिघाड लिहूनही काय, भारबदल चालू होणारच होता. शिवाय मुळात हे सगळं केलं कुणी? डॉक्टरीणबाईंनी सुचवलं होतं. नको म्हणायला काय झालं होतं?

चौथ्या दिवशी सकाळी ते पद्माबाईंना म्हणाले, "मी चुकत असेन. पण मला एक सुचलंय."

"मग समीनाला बोलवा. मला सांगत बसलात तर संध्याकाळपर्यंत तुम्हीच ते खोडून काढाल."

समीना आली. सरांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः वर्गात उभे राहायचे तसे टेबलाला टेकून उभे राहिले.

"माणूस ओळखायला किती पावलं लागतात?"

"चार, सर. तुम्हीच शिकवलंत."

"आणि भारबदल कळायला?"

"चारशेच्या आसपास, तीही सलग. सरासरी काढावी लागते."

"कंपनीला काय हवंय? हजेरी. मग दारातल्या चार फरश्या पुरेत. आतल्या बाकी सगळ्यांच्या तारा सोडवायच्या. त्यांच्याकडून काही येणारच नाही, म्हणजे कुणाला काही कळणारही नाही. माणूस दारात ओळखला, संपलं. पुढे ती कशी चालते, का थांबते, कुणासाठी थांबते, ते तिचं. मी प्रमाणपत्र देईन ते चार फरश्यांचं. पाचवीचं नाही." एवढं सलग बोलून त्यांना धाप लागली.

समीना म्हणाली, "साहेबांना आवडणार नाही. बायकांना हलकं काम द्यायचं, ते कसं देणार मग?"

"बाई येऊन सांगेल, तेव्हा द्या. जिच्या पोटात आहे तिने सांगायचं असतं ते. नऊ वर्षांपूर्वी भारबदल दिसलेल्या बायकांना काय काम मिळालं, तुमच्याकडे नोंदी असतील. बघ एकदा. मी सांगण्यापेक्षा तू बघ."

"आणि ते सात दिवस?"

"लिही, या दिवसांच्या नोंदी शिकवण्यास अयोग्य. हे खरं आहे. त्याखाली मी सही करतो."

"त्या सात दिवसांत काय झालं होतं, सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "मी सांगितलं तर तुला ते अहवालात लिहावं लागेल."

समीनाने टॅबलेट बंद केला. "मग नका सांगू. चहा मात्र द्या."

साहेब चिडलेच. पण कारखाना निरीक्षक सोमवारी येणार होते, मूळ संशोधकाच्या प्रमाणपत्राशिवाय ते फरशीला परवानगी देत नसत, आणि तेवढ्यात दुसरा सही करणारा मिळणं शक्य नव्हतं. गुरुवारी समीनाचा फोन आला. "तारा सोडवल्या, सर. मी स्वतः उभी होते शेवटची सुटेपर्यंत. पुढच्या वर्षी ते पुन्हा विषय काढतील बहुतेक." मग ती म्हणाली, "त्या नोंदी बघितल्या मी. आता पुन्हा काढला विषय तर मीपण आहे."

त्याच दिवशी सर लिहायला बसले. मसुदा केला नाही.

'सौ. रोहिणी आवटी यांस सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मला मिळालं होतं. आठ वर्षांपूर्वीच. पत्ता बदलल्याचं मी खोटं बोललो. तुम्ही विचारलं होतंत, मला कळलं होतं का. नाही. मला काही कळलं नव्हतं. मला खरंच वाटलं की माझी फरशी बिघडली आहे. मी मान वर केली नाही, ती समजूतदारपणाने नव्हे, मला संकोच वाटतो म्हणून. तुम्ही जे उपकार मानलेत ते मी केलेले नाहीत. ते तुम्ही सदतीसजणींनी एकमेकींवर केलेत. उलट तुमच्या तीन मैत्रिणी माझ्यामुळे घरी बसल्या. मोजता येतं म्हणून मी मोजलं, पुढे ते कुणाच्या हातात जाईल याचा विचार केला नाही. त्यांची नावं मला कळवाल का? त्यांनाही लिहायचं आहे.

'आता दारापासून चार फरश्या तेवढ्या जिवंत आहेत. पाचवीपासून पुढे साधी जमीन आहे. तुमच्यातल्या त्या मुलीला सांगा, तिला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला तिने सांगावं. या खेपेला मी बघितलं आणि मग लिहिलं. पण हे एक वर्षापुरतं असू शकेल. समीना मुजावर म्हणून एक इंजिनिअर आहे, तिच्याशी बोलून ठेवा. मुलीचं नाव काय ठेवलंत? बारशाला यायला हवं होतं. आपला, भूपाल चौगुले.'

शुक्रवारी सकाळी त्यांनी पाकीट कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकला आणि लगेच त्यांच्या मनात आलं, 'उपकार' हा शब्द फार जड झाला. ती दुखावली तर? 'तुमच्यातल्या त्या मुलीला' हे तरी लिहायला हवं होतं का? ते तिथेच घुटमळत राहिले. अकरा वाजता टपालवाली बाई आली, पेटी उघडून पत्रं पिशवीत भरू लागली. पाचच होती.

"बाई, ते पिवळं पाकीट माझं आहे. एक शब्द बदलायचा होता. जरा देता का?"

तिने पाकीट उलटसुलट बघितलं. "आवटी म्हणजे तुम्हीच का, आजोबा?"

"नाही, मी चौगुले. मी लिहिलंय ते."

"मग नाही देता येत. पेटीत पडलं की ते तुमचं नाही ऱ्हात, माझंही नाही. ज्यांचं नाव आहे त्यांचं. मधे कुणी उघडायचं नसतं."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

तिने पाकीट पिशवीत सरकवलं, पिशवीचं तोंड आवळलं आणि गाडी सुरू केली. सर ती वळणाआड जाईपर्यंत बघत उभे राहिले, मान वर करून.